पहिल्या वर्षाच्या मुलींना पेशंट ‘बघायला’ कसं शिकवायचं?

टीपीआर | ८ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्याआधी नऊ वर्षं सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स होते. इथे आमच्या क्षेत्रातले बरेच जण आहेत, आणि घरातलं कुणी ना कुणी दवाखान्यात होतं असे तर सगळेच. म्हणून सगळ्यांनाच विचारतेय.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुसऱ्या सेमिस्टरची मुलगी, अभ्यासू, अक्षर मोत्यासारखं. तिला एका बाईंजवळ बसवलं होतं. सकाळी बाईंचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालेलं. मुलीचं काम दर तासाला नाडी-बीपी-श्वास घेऊन चार्टवर लिहायचं. तिने लिहिलं ते असं:

दुपारी २ : नाडी ८४, बीपी १२४/८०, श्वास २०
३ : नाडी ९६, बीपी ११८/८४, श्वास २०
४ : नाडी ११२, बीपी ११०/८८, श्वास २०

खाली एक ओळ: ‘पेशंट सारखी पाणी मागत आहे. तोंडाने काही द्यायचे नाही हे समजावून सांगितले.’

सव्वाचारला मी त्या कॉटपाशी पोचले. बाई पाय हलवतायत, चादर ओढतायत, ‘मला उठून बसू द्या’ म्हणतायत. हात धरला तर गार. श्वास मोजला, पूर्ण एक मिनिट, तर २६. पुढचं ज्यांना कळतं त्यांना कळलंच असेल. आत रक्तस्राव होत होता. पुन्हा ऑपरेशन थिएटरात नेलं, रक्त दिलं, वाचल्या. आता घरी गेल्यात.

रात्री मुलगी माझ्याकडे आली. रडत नव्हती, खरंच गोंधळली होती. म्हणाली, “मॅडम, पण बीपी तर नॉर्मलच होतं ना?”

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याची, लक्षणं तिला पाठ आहेत. इंटर्नलला तिने नाडी वाढणं, अस्वस्थपणा, तहान, हातपाय थंड पडणं, सगळं क्रमाने लिहिलं होतं. मीच तपासला तो पेपर, मीच मार्क दिले. आणि तीच लक्षणं समोर कॉटवर असताना तिला ती दिसली नाहीत.

तर माझा प्रश्न: ही नजर शिकवता येते का? येत असेल तर पहिल्या वर्षी कशी शिकवायची?

वॉर्ड_नं_७ | ८ जुलै, रात्री १०.१५

मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झाले, शेवटची अकरा वर्षं इंचार्ज. स्पष्ट बोलते, राग मानू नका.

पहिल्या वर्षी हे शिकवायचंच नसतं. पहिल्या वर्षी हात बसू द्यायचा. बेड नीट करता आला पाहिजे, स्पंज देता आला पाहिजे, बीपीचा कफ सैल न बांधता आला पाहिजे. नजर येते ती नाइट ड्यूट्या करून. आम्हाला कुणी ‘क्लिनिकल जजमेंट’ असा विषय शिकवला नव्हता, तरी आम्हाला दिसत होतं. ऑपरेशनच्या पेशंटजवळ दुसऱ्या सेमिस्टरची मुलगी एकटी बसवणं, चूक तिथे आहे.

टीपीआर | ८ जुलै, रात्री १०.३२

राग कसला, सिस्टर. एकटी नव्हती, स्टाफ होता. पण त्याच तासात दोन ॲडमिशन आली. तुमचं म्हणणं बरोबर आहे की तिच्यावर ते सोपवायला नको होतं, आणि त्याची जबाबदारी आमची आहे, तिची नाही. पण नाइट ड्यूट्या करून नजर येईपर्यंत मधल्या पेशंटांचं काय?

अबोली | ८ जुलै, रात्री १०.५०

मी या क्षेत्रातली नाही. माझ्या आईच्या ऑपरेशननंतर रात्री एक सिस्टर नुसती दारातून डोकावून गेली आणि दोन मिनिटांनी डॉक्टरांना घेऊन आली. काय दिसलं तिला, ते मला अजून माहीत नाही. वाचतेय.

यॉर्कशायरकर | ९ जुलै, पहाटे २.०५

इंग्लंडमध्ये स्टाफ नर्स आहे, मूळचा सांगलीचा. टीपीआर ताई, तुमचा चार्ट इथल्या पद्धतीने मांडून बघितला.

इथे न्यूज-टू नावाचा स्कोअर सगळीकडे वापरतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज आणला, २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना प्रत्येकी ० ते ३ गुण, शिवाय ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचे २. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टर, ७ झाली की धावपळ.

चार वाजताची नाडी ११२ म्हणजे २ गुण. बीपी ११० म्हणजे १. श्वास २० म्हणजे ०. बाकी ठीक धरलं तर बेरीज ३. म्हणजे ‘लक्ष ठेवा’.

आता त्या २० च्या जागी तुम्ही मोजलेले २६ घाला. २५ किंवा जास्त श्वासाला एकट्याला ३ गुण आहेत. बेरीज ६.

तो श्वास खरा मोजला असता तर कागदच ओरडला असता. मुलीला शॉक ओळखता येण्याचीही गरज नव्हती.

ब्रदर_सोलापूर | ९ जुलै, सकाळी ७.२०

श्वास २०! आमच्या वॉर्डात तीस कॉट आहेत, तिसांचे श्वास २० असतात. सगळे एका तालात, जणू लेझीम चाललंय. 😀

पण खरं सांगतो, मी स्वतः पाच वर्षं असंच लिहिलं. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं की तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वासच बदलतो. नाडीला मशीन आहे, बीपीला मशीन आहे, ऑक्सिजनला बोटाला चिमटा आहे. श्वासाला मात्र मिनिटभर उभं राहून छातीकडे बघावं लागतं, म्हणून तो राहतो.

आणि मोजताना पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की तो शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. नाडी धरल्याचं नाटक चालू ठेवायचं आणि छाती बघायची.

पाळणाघर | ९ जुलै, सकाळी ११.१०

यॉर्कशायरकर, स्कोअर चांगला आहे, पण स्कोअरवर सगळं सोपवू नका. मी लहान मुलांच्या वॉर्डात आहे. आता पावसाळा सुरू झालाय, डेंग्यूची मुलं येतायत. शिकाऊ मुली कुठे फसतात सांगते.

पाच दिवस तापलेलं मूल. सहाव्या दिवशी सकाळी थर्मामीटर ९८.४. मुलगी आनंदाने चार्टवर लिहिते, आईला सांगते ‘ताप उतरला’, आई देवाला हात जोडते. डेंग्यूत धोक्याचे २४ ते ४८ तास नेमके तिथून सुरू होतात. ताप उतरताना रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, मूल मलूल होतं किंवा किरकिरं. बीपी १००/८४. वरचा आकडा बघितला तर १००, लहान मुलाला चांगलंच की. पण वरच्या-खालच्यातलं अंतर १६ आहे, आणि डेंग्यूत ते २० किंवा कमी झालं की घंटा वाजली पाहिजे.

टीपीआर ताईंच्या चार्टमध्येही तेच आहे बघा. ४४, मग ३४, मग २२. वरचा आकडा फार हलला नाही, पण दोन आकडे एकमेकांच्या जवळ येत गेले. शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवत होतं.

म्हणजे इथे ‘नॉर्मल’ ही बातमी वाईट असू शकते. ते मुलीला कळायला तिला आजाराची गोष्ट माहीत पाहिजे, नुसता त्या क्षणाचा आकडा नाही.

(आणि नातेवाइकांनो, प्लेटलेट, प्लेटलेट, प्लेटलेट. दिवसातून वीस वेळा. लघवी किती झाली ते कुणीच सांगत नाही. तेवढं लिहून ठेवलंत तर आमची मोठी मदत होते.)

काळा_मसाला | ९ जुलै, दुपारी १२.४०

प्लेटलेट वाढवायला पपईच्या पानांचा रस चालतो का?

पाळणाघर | ९ जुलै, दुपारी १.०५

त्याचा वेगळा धागा काढा, मी येते. इथे नको. 🙏

मण्यारवाट | ९ जुलै, रात्री ८.३०

रायगड जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. पाळणाघर यांच्या ‘आजाराची गोष्ट’ला जोडून.

आमच्याकडे पावसाळ्यात पहाटे चार-पाचला पेशंट येतो. तक्रार: पोटात दुखतंय. कधी घसा दुखतोय. अंगावर जखम नाही, सूज नाही. नवीन माणूस ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन मोकळा होतो. आमच्या इथली एक जुनी सिस्टर मात्र पहिला प्रश्न विचारते, “रात्री कुठे झोपला होतात?” जमिनीवर, असं उत्तर आलं की टॉर्च घेऊन पापण्या बघते. मण्यार चावते ते रात्री, झोपेत, आणि पुष्कळदा खूणही सापडत नाही. पापणी जड व्हायला लागली की वेळ थोडा असतो.

तिने हे पुस्तकात वाचलेलं नाही, पण हवेतूनही आलेलं नाही. कुणीतरी बघून ठेवलं, दुसऱ्याला सांगितलं. आमच्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचं जे काम केलं (२०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली), त्याची सुरुवात पेशंटजवळ रात्र-रात्र बसून घाम, नाडी, हातपायांचा गारवा, बीपी लिहून ठेवण्यातूनच झाली. मग प्राझोसिन या औषधाचा उपयोग सापडला. बसून बघणं हे काही परिचारिकेचं दुय्यम काम नव्हे, वैद्यकाचा पाया आहे तो.

तिसरं_सेमिस्टर | ९ जुलै, रात्री ११.५५

मी नेहमी फक्त वाचते. आज लिहितेय कारण सगळे म्हणतायत की आम्हाला दिसत नाही.

दिसतं. कधीकधी दिसतं. मग काय करायचं ते कळत नाही.

मेडिसिन वॉर्डात माझ्याकडे एक आजी होत्या. दुपारी त्यांचं बोलणं मला जड वाटलं. मी स्टाफ सिस्टरांना सांगितलं, “सिस्टर, आजींचं बोलणं कसंतरी वाटतंय.” त्या म्हणाल्या, “कवळी काढली असेल.” आजूबाजूच्या हसल्या. मी परत येऊन बसले आणि केअर प्लॅन (पेशंटच्या देखभालीचा आराखडा) लिहायला घेतला, कारण दुसऱ्या दिवशी फाईल दाखवायची होती. संध्याकाळी राऊंडला सरांनी आजींना दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा वर गेला नाही.

कवळी सकाळपासूनच डब्यात होती. मीच धुऊन ठेवली होती. आणि सकाळी आजी छान बोलत होत्या, मला त्यांच्या नातवाच्या मुंजीचं सांगत होत्या. मी हे बोलले नाही. का बोलले नाही, मला अजून कळत नाही.

टीपीआर | १० जुलै, सकाळी ६.१०

बाळा, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझं चुकलं असं मनात ठेवू नकोस. तुला दिसलं आणि तू उठून सांगायला गेलीस. ऐकणाऱ्यांनी ऐकायला हवं होतं.

वॉर्ड_नं_७ | १० जुलै, सकाळी ९.००

मीही कधीतरी कुणाला असं उडवून लावलं असेल. आकडा आठवत नाही, म्हणजे बऱ्याचदा. वॉर्डात साठ पेशंट, दोन सिस्टर, आणि शिकाऊ मुलगी येऊन ‘कसंतरी वाटतंय’ म्हणते. वाईट वाटतंय वाचून.

शुभ्रटोपी | १० जुलै, दुपारी ३.२५

एम.एस्सी. नर्सिंगला शिकवते. थोडं लांब होईल.

या विषयावर दोन जणींचं काम आमच्याकडे शिकवलं जातं. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकीला नियम लागतात, कारण तिच्याकडे तुलना करायला जुने पेशंटच नसतात. वॉर्ड नं ७ सिस्टर म्हणतात ते हेच. तज्ज्ञ परिचारिकेला दारातून डोकावून कळतं (अबोली यांच्या आईची सिस्टर), आणि विचारलं तर तिला सांगताही येत नाही की काय दिसलं.

दुसऱ्या क्रिस्टीन टॅनर, २००६. त्यांनी निर्णयाचे चार भाग पाडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, आणि कृती करताना व नंतर त्यावर विचार करणं. माझ्या मते आपण शिकवताना पहिला भाग गाळूनच पुढे जातो. प्रश्नपत्रिकेत लिहिलेलं असतं, ‘रुग्णाला थंड घाम आला आहे, नाडी जलद आहे, तर परिचारिका काय करेल?’ म्हणजे लक्षात येण्याचं काम प्रश्न काढणारीने आधीच करून टाकलं! वॉर्डात कॉटवर असं वाक्य लिहिलेलं नसतं. टीपीआर, तुमच्या मुलीला इंटर्नलला चांगले मार्क आणि कॉटपाशी काही दिसलं नाही, यात मला विसंगती वाटत नाही. दोन वेगळ्या गोष्टींची परीक्षा होती.

आता तिसरं सेमिस्टर, तुझ्यासाठी. तू काय बोललीस आणि काय बोलली नाहीस ते परत वाच. बोललीस: “बोलणं कसंतरी वाटतंय.” बोलली नाहीस: “कवळी सकाळपासून काढलेली आहे, सकाळी स्पष्ट बोलत होत्या, आता जड बोलतायत.” दुसऱ्या वाक्याला कुणीही हसलं नसतं. त्यात तुझ्या वाटण्याचा भाग नाही, सकाळ आणि दुपार यांतला फरक आहे. आणि तो फरक पूर्ण वॉर्डात फक्त तुला माहीत होता, कारण आजींचं तोंड तू धुतलं होतंस.

मी पहिल्या वर्षाला एक खेळ घेते. चिठ्ठ्या. एका पेशंटची गोष्ट चार चिठ्ठ्यांत फाडलेली.

पहिली: बावन्न वर्षांचे गृहस्थ, मधुमेह, पायाची जखम. सकाळी ७ ला इन्सुलिन दिलं.
दुसरी: साडेसातला एक्स-रेला नेलं. तिथे रांग होती.
तिसरी: सव्वानऊ. वॉर्डात परत. बायकोवर ओरडतायत, ‘मला घरी जायचंय’ म्हणतायत.
चौथी: कपाळ ओलं, बोटं थरथरतायत.

प्रत्येक चिठ्ठीनंतर थांबायचं आणि दोनच गोष्टी लिहायच्या: आता काय वाटतं, आणि ते खरं असेल तर पुढे काय दिसायला हवं. तिसऱ्या चिठ्ठीला वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली लिहितात, ‘रुग्णाला मानसिक आधार द्यावा.’ चौथीला एखादी ओरडते, “मॅडम, नाश्ता! नाश्ता झालाच नाही!” पहिल्या चिठ्ठीत इन्सुलिन होतं, दुसरीत नाश्ता नव्हता, म्हणजे साखर उतरलेली. जे नव्हतं ते बघायला शिकणं सगळ्यात अवघड. मग मी विचारते, आता आधी काय, आधार की ग्लुकोमीटर? साखर ७० च्या खाली असेल, माणूस गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे नियम त्यांना पाठ असतातच. ते कधी बाहेर काढायचे, एवढंच राहिलेलं असतं.

ब्रदर_सोलापूर | १० जुलै, दुपारी ४.००

चिठ्ठ्या चोरतोय. आगाऊ धन्यवाद.

चहाबिस्कीट | १० जुलै, सायंकाळी ६.४५

माझी बायको नर्स आहे. घरी पाहुणे आले की निघताना ती हळूच सांगते, “काकांचे पाय सुजलेत”, “वहिनी जिना चढून दोनदा थांबल्या.” आमच्या सोसायटीत लोक तिला नमस्कार करून लिफ्टने जातात. 😄 दोन काकांना मात्र तिने वेळेवर डॉक्टरांकडे पाठवलंय, त्यामुळे नमस्कार मनापासूनचा आहे.

वॉर्ड_नं_७ | १० जुलै, रात्री ९.३०

शुभ्रटोपी यांचं वाचून जुनं आठवलं. माझं परवाचं म्हणणं थोडं बदलते.

मी पहिल्या वर्षाला असताना एक इंचार्ज होत्या. नवीन मुलगी आली की तिला एका कॉटपाशी स्टुलावर बसवायच्या. हात मागे बांधायचे. दहा मिनिटं. पेशंटला हात लावायचा नाही, केस पेपर बघायचा नाही. मग बोलवून विचारायच्या, “काय बघितलंस?” मी पहिल्यांदा म्हणाले, “झोपलेत.” त्या म्हणाल्या, “कोणत्या कुशीवर?” मला सांगता येईना. “उश्या किती?” तीन होत्या. “तीन का?” परत जाऊन बसले. तेव्हा दिसलं की माणूस आडवा झोपूच शकत नव्हता, बसल्या-बसल्या डुलकी घेत होता. हृदयाचा पेशंट. पाण्याचा तांब्या भरलेला होता, ताटातली भाकरी एका बाजूने तोडलेली होती.

म्हणजे मला शिकवलं होतं. मी इतकी वर्षं म्हणत आले की आपोआप आलं. आपोआप नव्हतं आलं. त्या बाईंनी स्टुलावर बसवलं म्हणून आलं.

पाळणाघर | १० जुलै, रात्री ९.४२

सिस्टर 🙏🙏

अबोली | १० जुलै, रात्री १०.२०

‘उश्या किती?’ हे मी विसरणार नाही.

वॉर्डातल्या मावशींचं कुणी विचारतं का? आईच्या वेळी मावशी म्हणाल्या होत्या, “काल ह्यांनी मला नावाने हाक मारली, आज ओळखत नाहीयेत.” ते कुठे लिहिलं गेलं असेल का?

मण्यारवाट | १० जुलै, रात्री १०.४५

बहुतेक ठिकाणी नाही. लिहिलं जायला हवं. मावशी कॉट-कॉट फिरतात, भांडं देतात, चादर बदलतात. लघवी लालसर आहे हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. नातेवाईकही तसेच. ‘हा असा नसतो’ असं आई म्हणाली तर मी बाकी सगळं बाजूला ठेवून ते मूल पुन्हा तपासतो.

यॉर्कशायरकर | ११ जुलै, पहाटे १.३०

डॉक्टरसाहेब, इथे त्यावर नियमच झालाय. मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे जीवघेण्या जंतुसंसर्गाने, गेली. आईवडील सांगत होते, ऐकलं गेलं नाही. २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ लागू व्हायला लागला: नातेवाइकांना वाटलं की तब्येत बिघडतेय आणि वॉर्ड ऐकत नाहीये, तर ते थेट दुसऱ्या टीमला बोलावू शकतात.

तिसरं सेमिस्टर, फोनवर कसं सांगायचं त्याची इथली पद्धत एसबीएआर. मूळ अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतली, तिथून दवाखान्यांत आली. इंग्रजी अक्षरं पाठ करण्यापेक्षा मराठीत चार प्रश्न लक्षात ठेव: आता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. तुझ्या आजींचं असं झालं असतं: “सिस्टर, सहा नंबरच्या आजींचं बोलणं दोन वाजल्यापासून जड आहे. बीपीसाठी ॲडमिट आहेत, सकाळी स्पष्ट बोलत होत्या, कवळी सकाळपासून काढलेलीच आहे. मला लकव्याची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?” वीस सेकंदं.

शेवटचा प्रश्न गाळायचा नाही. नाहीतर समोरचा ‘बरं’ म्हणतो आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात.

तिसरं_सेमिस्टर | ११ जुलै, सकाळी ७.०५

हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. पण दादा, ‘मला लकव्याची शंका येतेय’ असं पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलीने म्हटलं तर ‘निदान करणारी तू कोण’ असं ऐकावं लागेल.

शुभ्रटोपी | ११ जुलै, सकाळी १०.१५

मग निदानाचं नाव घेऊ नकोस. ‘मला काळजी वाटतेय, कारण सकाळी असं नव्हतं’ एवढं पुरे. काळजी वाटणं हा परिचारिकेच्या कामाचा भाग आहे, आणि कारण जोडलं की ती नोंद होते.

काळा_मसाला | ११ जुलै, सकाळी ११.३०

पपईचा प्रश्न विचारल्याबद्दल माफी. सगळा धागा वाचला. वडील सध्या ॲडमिट आहेत. आज पहिल्यांदा त्यांची लघवी मोजून वहीत लिहिली आणि सिस्टरांना दाखवली. त्यांनी ती वही मागून घेतली.

ब्रदर_सोलापूर | ११ जुलै, दुपारी २.००

एक व्यवहाराचा मुद्दा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १ ला १० आहे. प्रत्यक्ष वॉर्डात सकाळी एका मॅडमबरोबर किती मुली असतात ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. आणि मुलींचा अर्धा वेळ फाईलमध्ये जातो. केअर प्लॅन मागच्या बॅचच्या फाईलमधून उतरवलेला, पेशंटचं नाव तेवढं बदललेलं. हे कमी केल्याशिवाय स्टुलावर बसायला दहा मिनिटं कुठून आणायची?

टीपीआर | ११ जुलै, रात्री ८.५०

ब्रदर, मुद्दा अगदी खरा आहे. फाईल बंद करणं माझ्या हातात नाही, ती युनिव्हर्सिटीला लागते. पण एका पानाचं काय करायचं ते माझ्या हातात आहे. सोमवारपासून काही करून बघते आणि इथे येऊन सांगते. वॉर्ड नं ७ सिस्टर, स्टूल तुमचं वापरतेय.

टीपीआर | ३ ऑगस्ट, सायंकाळी ७.१५

तीन आठवडे झाले, सांगायला आले.

अकरा मुली माझ्याबरोबर होत्या. रोज सकाळी प्रत्येकीने एकाच पेशंटजवळ दहा मिनिटं बसायचं, हात मागे. मग वहीच्या पानावर दोन रकाने: ‘काल’ आणि ‘आज’. आकडे नंतर. श्वास दोघी-तिघींनी वेगवेगळा मोजायचा, पूर्ण मिनिट, आणि एकमेकींना न दाखवता लिहायचा. पहिल्या दिवशी एकाच आजोबांचे श्वास १६, २० आणि २४ आले. तिघींनी परत मोजले. २२. त्या दिवसापासून माझ्या ग्रुपच्या चार्टवरचे २० कमी झाले.

शिवाय मी एक बदल स्वतःत केला. पूर्वी मी कॉटपाशी जायचे, काय ते ठरवायचे आणि मुलींना कामाला लावायचे. आता मोठ्याने बोलते: “मी आधी चेहरा बघतेय, मग सलाईन किती राहिलंय, मग युरिन बॅग. बॅगेत दोन तासांत काही भर पडली नाहीये, म्हणून आता मी पोट बघणार.” पहिले दोन दिवस बोलताना अवघडायला झालं. नंतर पेशंटही ऐकायला लागले, एका मामांनी तर स्वतःच सांगितलं, “मॅडम, माझी नळी पाठीखाली दबलीय.”

सगळं गोड नाही. पहिल्या आठवड्यात ‘आज’च्या रकान्यात ‘पंखा बंद आहे’, ‘नातेवाईक जास्त आहेत’ असलंच यायचं. दोन मुली अजून कालचंच पान आज उतरवतात. एका स्टाफ सिस्टरांनी विचारलं की मुली नुसत्या बसवून का ठेवल्यात. त्यांना वॉर्ड नं ७ सिस्टरांची उश्यांची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, पण आता स्टूल आणून ठेवतात.

आणि जिने तो चार्ट लिहिला होता ती मुलगी. तिच्याकडे हाड मोडलेले एक आजोबा होते. गुरुवारी तिने लिहिलं: ‘काल: सकाळी आठला पेपर वाचत होते, मला बातमी वाचून दाखवली. आज: पेपर घडी न उघडता उशीखाली आहे.’ आणि ती माझ्याकडे आली. पळत नाही, पण लगेच. चार प्रश्नांच्या क्रमाने सांगितलं. मी गेले, तिला घेऊन. वय ७४, मांडीचं हाड, अंथरुणावर. माझ्या मनात छातीतली गुठळी, मेंदू, संसर्ग, सगळं येऊन गेलं. श्वास मोजला, ऑक्सिजन, नाडी, ताप, शुद्ध, दोन्ही हात वर करायला लावले. सगळं ठीक. मग तिनेच विचारलं, “आजोबा, आज पेपर का नाही वाचला?”

रात्री चष्मा खाली पडून त्याची काडी तुटली होती. लाजून कुणाला बोलले नव्हते.

ती माझ्याकडे बघायला लागली, की आता मॅडम काय म्हणतात. त्या पानावर मी पूर्ण मार्क दिले.

वॉर्ड_नं_७ | ३ ऑगस्ट, रात्री ८.००

द्यायलाच हवेत. तिला सांगा, एका निवृत्त सिस्टरने शाबास म्हटलंय.

तिसरं_सेमिस्टर | ३ ऑगस्ट, रात्री १०.३०

मॅडम, त्या दोन रकान्यांच्या पानाचा फोटो टाकाल का? पेशंटचं नाव झाकून. आमच्या मॅडमना दाखवायचा आहे.

टीपीआर | ३ ऑगस्ट, रात्री १०.४१

कोरं पान उद्या टाकते, बाळा. भरलेलं नको.

अबोली | ३ ऑगस्ट, रात्री ११.०५

चष्म्याचं काय झालं पुढे?

टीपीआर | ४ ऑगस्ट, सकाळी ६.२०

वॉर्डातल्या चिकटपट्टीने तिनेच बसवून दिला. पेपर दुपारी वाचला त्यांनी.